रामानुजन यांची साक्ष नेमकी कोणाच्या बाजूने?

दर वर्षी २२ डिसेंबर जवळ आला, की राष्ट्रीय गणित दिनाच्या निमित्ताने समाजमाध्यमांवर एकच कथा निरनिराळ्या वेशांत फिरू लागते. कुंभकोणमचा एक गरीब तरुण, त्याची कुलदेवता नामगिरी, स्वप्नात दिसलेली सूत्रे आणि ती पाहून थक्क झालेला केंब्रिजचा प्राध्यापक. कथा एवढ्यावर थांबत असती, तर हरकत घेण्याचे काही कारण नव्हते. परंतु हल्ली तिच्या शेपटीला एक निष्कर्ष बांधलेला असतो. खरे ज्ञान अंतःप्रज्ञेतूनच उतरते; सिद्धता, पडताळा, पुरावा ही पाश्चात्त्यांची हिशेबी सवय आहे; भारतीय प्रज्ञेला तिची गरज नाही. या निष्कर्षाच्या बळावर मग पुढची मागणी होते: अमुक औषध, अमुक उपचार, अमुक प्राचीन विद्या यांना कसोटी लावू नये, कारण रामानुजनलाही कोणी कसोटी लावली नव्हती.

या मागणीतील अखेरचे वाक्य सपशेल खोटे आहे, आणि उरलेला युक्तिवाद त्याच वाक्यावर उभा आहे. ज्या साक्षीदाराला वारंवार पिंजऱ्यात उभे केले जाते, त्याची उलटतपासणी एकदा तरी व्हायला हवी.

श्रीनिवास रामानुजन यांच्या वह्यांमध्ये सिद्धता फारशा आढळत नाहीत, हे खरे. पण त्याचे कारण स्वप्नात शोधण्यापेक्षा पाटीवर शोधावे. कागद महाग होता. रामानुजन पाटीवर आकडेमोड करीत, कोपराने पुसून पुन्हा करीत, आणि अखेरचे फलित तेवढे वहीत उतरवीत. ज्या ग्रंथावर त्यांचे गणित पोसले गेले, त्या कार यांच्या संकलनातही हजारो निष्कर्ष एकाखाली एक मांडलेले होते आणि सिद्धता अगदी त्रोटक होत्या. लिहिण्याची तीच रीत त्यांच्या हाती बसली. पुसलेल्या पाटीवरचे श्रम पुढच्या पिढ्यांना दिसले नाहीत, म्हणून ते नव्हतेच असे मानणे हा रामानुजन यांचा गौरव नव्हे. त्यांच्या अहोरात्र परिश्रमांवर फिरवलेला तो दुसरा बोळा आहे. देवीवरील त्यांची श्रद्धा प्रामाणिक होती आणि तिच्याविषयी येथे वाद नाही. वाद आहे तो त्या श्रद्धेच्या आडून गणिताला पुराव्यापासून सूट मागणाऱ्यांशी.

१६ जानेवारी १९१३ रोजी मद्रासहून हार्डी यांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. त्या पत्रातील अनेक सूत्रे चकित करणारी होती. काही हार्डींना आधीपासून ठाऊक होती. आणि काही चुकीची होती. ही शेवटची बाब उत्सवी लेखनात सहसा येत नाही. दिलेल्या संख्येपर्यंत मूळसंख्या किती, हे सांगणारे सूत्र आपल्याला सापडले असल्याचा रामानुजन यांचा दावा होता. प्रत्यक्षात त्या सूत्रात दावा केलेली अचूकता नव्हती. संमिश्र चलांच्या सिद्धान्ताशी त्यांचा तोवर परिचय नव्हता, आणि मूळसंख्यांच्या वितरणातील सूक्ष्म चढउतार त्या सिद्धान्तावाचून हाती लागत नाहीत. हार्डींनी ८ फेब्रुवारीच्या उत्तरात सर्वांत आग्रहाने काय मागितले? सिद्धता. कसोटी लावली गेली होती, ती पहिल्याच पत्रापासून.

याहूनही बोलके उदाहरण पुढचे आहे, आणि ते पाटीपेन्सिल घेऊन कोणत्याही विद्यार्थ्याला तपासता येईल असे आहे.

एखादी संख्या धन पूर्णांकांच्या बेरजेच्या रूपात किती प्रकारे मांडता येते, त्या प्रकारांना तिची विभाजने म्हणतात. ४ ची विभाजने ५ आहेत: ४, ३+१, २+२, २+१+१ आणि १+१+१+१. संख्या वाढली की ही मोजणी अफाट वेगाने फुगते. २०० ची विभाजने ३९,७२,९९,९०,२९,३८८ म्हणजे सुमारे चार लक्ष कोटी आहेत. मॅकमॅहन यांनी २०० पर्यंतचा हा तक्ता हाताने तयार केला होता. त्या रूक्ष तक्त्यात रामानुजन यांना एक लय दिसली. ५, ७ आणि ११ या मूळसंख्या व त्यांचे घात त्या आकड्यांना ठरावीक ठिकाणी नेमके भाग देतात, अशी ती लय होती. फक्त ७ पुरते पाहू. ज्या संख्येला २४ ने गुणून ७ ने भागले असता बाकी १ उरते, तिच्या विभाजनांच्या संख्येला ७ ने भाग जातो. अशी पहिली संख्या ५; तिची विभाजने ७. हेच ४९ साठी करावे, तर पहिली संख्या ४७. तिची विभाजने १,२४,७५४, म्हणजे ४९ गुणिले २,५४६. मग ३४३ साठी, आणि त्यापुढच्या प्रत्येक घातासाठीही हेच घडणार, अशी अटकळ रामानुजन यांनी १९१९ मध्ये प्रसिद्ध केली.

अटकळ देखणी होती. उपलब्ध तक्त्यातील प्रत्येक आकडा तिच्या बाजूने साक्ष देत होता. परंतु ३४३ साठीची पहिली कसोटी २४३ या संख्येवर लागणार होती, आणि मॅकमॅहन यांचा तक्ता २०० ला संपत होता.

पंजाबातील गणिती हंसराज गुप्ता यांनी तो तक्ता ३०० पर्यंत नेला. या कामात स्वप्न नव्हते, साक्षात्कार नव्हता. बेरजांमागून बेरजा होत्या. १९३४ मध्ये सर्वदमन चौला यांनी त्या तक्त्यातील २४३ समोरचा आकडा पाहिला: १३३९७८२५९३४४८८८. त्याला ७ ने एकदा भाग जातो, दुसऱ्यांदा जातो आणि २७३४२५०१९०७१२ उरतात. तिसऱ्यांदा भागले की बाकी ५ राहते. म्हणजे ३४३ ने भाग जात नाही. विसाव्या शतकातील सर्वांत विलक्षण गणिती अंतःप्रज्ञेची एक अटकळ एका भागाकाराने कोसळली.

कोसळून काय झाले? गणिताचे नुकसान झाले नाही. अटकळीतला दोष नेमका कुठे आहे हे कळल्यामुळे १९३८ मध्ये वॉटसन यांनी ५ च्या घातांसाठी मूळ विधान आणि ७ च्या घातांसाठी दुरुस्त केलेले विधान सिद्ध केले. ११ च्या घातांसाठीची सिद्धता ॲटकिन यांनी १९६७ मध्ये दिली. आज रामानुजन यांच्या नावाने जो सिद्धान्त शिकवला जातो, तो त्यांच्या अंतःप्रज्ञेचा आणि चौला यांच्या भागाकाराचा संयुक्त वारसा आहे. त्यातील एक हिस्सा देव्हाऱ्यात ठेवून दुसरा केरात टाकता येत नाही.

आणि स्वतः रामानुजन? १९१९ च्या त्या निबंधात, उपलब्ध पुरावा या विधानाच्या बाजूने आहे, पण सर्वसाधारण सिद्धता आपल्याला अद्याप सापडलेली नाही, असे त्यांनी स्पष्ट नोंदवले आहे. देवीने सांगितले म्हणून ते खरे माना, असे त्यांनी लिहिले नाही. पुरावा आणि सिद्धता यांतला भेद त्यांना पुरता उमगला होता. त्यांच्या नावाने पुराव्याची टिंगल करणाऱ्यांनी निदान त्यांचे लेखन तरी वाचायला हवे होते.

येथे दुसऱ्या बाजूचा अतिरेकही खोडून काढणे आवश्यक आहे. अंतःप्रज्ञा म्हणजे निव्वळ भ्रम, विज्ञानात तिला स्थान नाही, असे म्हणणारे कोरडे बुद्धिवादीही इतिहासाशी प्रामाणिक नाहीत. रामानुजन यांनी १९१६ मध्ये टाऊ फलनाविषयी अटकळी मांडल्या. त्यांपैकी दोन मॉर्डेल यांनी १९१७ मध्ये सिद्ध केल्या. तिसरीला १९७४ उजाडावे लागले. डेलिन्य यांनी ती सिद्ध केली, तेव्हा वापरावी लागलेली साधने १९१६ साली अस्तित्वातही नव्हती. मृत्यूच्या काही महिने आधी, जानेवारी १९२० मध्ये, हार्डींना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ज्या मॉक थीटा फलनांचा उल्लेख केला, त्यांचा सैद्धान्तिक उलगडा २००२ मध्ये झ्वेगर्स यांच्या प्रबंधात झाला. तर्काची पायवाट जिथे पोहोचायला ऐंशी वर्षे लागली, तिथे एका माणसाची नजर आधीच जाऊन आली होती. ही क्षमता नाकारणे हा करंटेपणा होय.

पण या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. १९१६ ची अटकळ आणि १९१९ ची अटकळ. मन तेच, सौंदर्यदृष्टी तीच, आकड्यांशी असलेली जवळीक तीच. एक खरी निघाली, दुसरी खोटी. आतून मात्र दोन्ही सारख्याच झळाळत होत्या. अंतःप्रज्ञेची मर्यादा हीच आहे. ती कमी दर्जाची असते म्हणून कसोटी लावायची नसते. आपले खरे बोल कोणते आणि चुकलेले कोणते, हे तिचे तिला सांगता येत नाही, म्हणून लावायची असते. जिथे रामानुजन यांच्यासारख्याला आतल्या उजेडावरून हा भेद करता आला नाही, तिथे सभेत टाळ्या घेणाऱ्या वक्त्याला तो करता येईल, असे मानण्यास आधार कोणता?

अंतःप्रज्ञेला कसोटीतून सूट दिली, की ती सूट लवकरच ज्ञानाच्या हातून निसटून प्रतिष्ठेच्या हाती जाते. ११ जानेवारी १९३५ रोजी लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत हेच घडले. चोवीस वर्षांच्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी गणिताने दाखवले होते, की सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमानापलीकडे श्वेतबटू तारा टिकू शकत नाही. त्यानंतर उभे राहिलेल्या आर्थर एडिंग्टन यांनी त्या निष्कर्षाची खिल्ली उडवली. त्यांनी तांत्रिक आक्षेप घेतले, पण त्या आक्षेपांच्या मुळाशी एक भावना होती: तारा असा कोसळत जाणे हास्यास्पद आहे, निसर्ग असे होऊ देणार नाही. ही अंतःप्रज्ञाच होती, आणि तीही त्या काळातल्या श्रेष्ठ खगोलशास्त्रज्ञाची. चंद्रशेखर यांच्या बाजूला केवळ समीकरणे होती. सभा प्रतिष्ठेच्या बाजूने झुकली. निसर्ग झुकला नाही. चंद्रशेखर यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९८३ मध्ये. अंतःप्रज्ञेला पुराव्याहून वरचे आसन देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की त्या दिवशी त्यांच्या नियमाने निवाडा झाला असता, तर तो कायमचा एका भारतीय तरुणाच्या विरुद्ध गेला असता. पुरावा हे दुर्बळाचे शस्त्र आहे. ज्याच्याकडे वय नाही, पद नाही, नाव नाही, त्याच्यापाशी एवढे एकच उरते.

इथवरची उदाहरणे कागदावरची आणि आकाशातली होती. ती चुकली तर कोणाच्या घरात अंधार होत नाही. निर्णय जिथे माणसांविषयी असतो, तिथे हिशेब बदलतो.

कोविडच्या पहिल्या लाटेत, २०२० मध्ये, बऱ्या झालेल्या रुग्णांचा प्लाझ्मा आजारी व्यक्तीस देण्याचा उपचार देशभर रूढ झाला. त्यामागची कल्पना मनाला तत्काळ पटणारी होती: जो लढून जिंकला, त्याच्या रक्तातील प्रतिपिंडे लढणाऱ्याच्या कामी येतील. ती निर्बुद्ध नव्हती; शतकभर जुनी उपचारपद्धती तिच्या पाठीशी होती. म्हणजे येथे अंतःप्रज्ञा आणि तर्क दोघेही एकाच बाजूला उभे होते. नव्हता तो फक्त पडताळा.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तो केला. २२ एप्रिल ते १४ जुलै २०२० या काळात देशातील ३९ रुग्णालयांत मध्यम स्वरूपाचा आजार असलेल्या ४६४ रुग्णांवर 'प्लॅसिड' ही चाचणी झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्णांचे दोन गट केले गेले; २३५ जणांना नेहमीच्या उपचारांसोबत प्लाझ्मा दिला गेला, २२९ जणांना केवळ नेहमीचे उपचार. अठ्ठावीस दिवसांत आजार गंभीर होणे किंवा मृत्यू येणे याचे प्रमाण प्लाझ्मा मिळालेल्यांत १९ टक्के होते आणि न मिळालेल्यांत १८ टक्के. लाभ दिसला नाही. भारतीय डॉक्टरांनी, भारतीय रुग्णालयांत, महामारीच्या ऐन धामधुमीत केलेले हे काम ऑक्टोबर २०२० मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगाने त्याची दखल घेतली. ज्या विज्ञानाचा अभिमान बाळगावा, ते हे.

आणि पुढे काय झाले? २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, दुसरी लाट शिखरावर असताना, याच देशातील असंख्य कुटुंबे रात्र रात्र प्लाझ्मादात्यांचा शोध घेत होती. समाजमाध्यमे त्या विनवण्यांनी भरून गेली होती. ब्रिटनमधील अकरा हजारांहून अधिक रुग्णांवरील 'रिकव्हरी' चाचणीनेही तोच निष्कर्ष दिला, आणि १७ मे २०२१ रोजी प्लाझ्मा उपचार राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून वगळण्यात आला. स्वतःच्याच देशाचा पुरावा हाती असून मधले सात महिने गेले. धावपळ करणाऱ्या त्या नातेवाइकांना दोष देता येणार नाही. बुडणाऱ्याच्या आप्तांनी काडीचा आधार शोधणे स्वाभाविक आहे. दोष त्या वातावरणाचा, ज्यात मनाला पटणे हेच प्रमाण मानले जाते आणि मोजलेला आकडा हृदयशून्य ठरतो.

या टप्प्यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो टाळण्याजोगा नाही. रुग्ण समोर तडफडत असताना चाचण्यांची वाट कोणी पाहावी? अनुभवी वैद्याला नाडीवर बोट ठेवताच कळते, मुरलेल्या शेतकऱ्याला मातीच्या वासावरून पावसाचा अंदाज येतो, कसलेल्या चालकाचा पाय विचाराआधी ब्रेकवर जातो. मग अनुभवातून आलेली ही जाण टाकाऊ कशी?

ती टाकाऊ नाही. पण ती कोणत्या परिस्थितीत विश्वासार्ह ठरते, याचे उत्तर आता बरेच स्पष्ट झाले आहे. तज्ज्ञांच्या अंतःप्रज्ञेविषयी परस्परविरोधी भूमिका घेणारे डॅनियल कानेमान आणि गॅरी क्लाइन हे दोन मानसशास्त्रज्ञ २००९ मध्ये एका संयुक्त निबंधात एकमतावर आले. त्यांनी दोन अटी सांगितल्या: परिस्थितीत पुरेशी नियमितता असावी, आणि आपला अंदाज बरोबर ठरला की चुकला हे माणसाला वारंवार कळत राहावे. चालकाला चूक तत्क्षणी कळते. म्हणून त्याचा पाय शहाणा होतो. प्लाझ्मा देणाऱ्या डॉक्टरला चूक कळण्याचा मार्गच नव्हता. 'प्लॅसिड'मध्ये प्लाझ्मा न मिळालेल्यांपैकीही ८२ टक्के रुग्णांचा आजार त्या अवधीत बळावला नाही. म्हणजे जो डॉक्टर सर्वांना प्लाझ्मा देत होता, त्याच्या डोळ्यांसमोर पाचांतील चार रुग्ण सावरत होते, आणि प्रत्येक सावरलेला रुग्ण त्याचा विश्वास पक्का करीत होता. प्लाझ्मा दिला नसता तरी ते सावरले असते, हे एकाही रुग्णाच्या चेहऱ्यावर लिहिलेले नसते. तो लेख दोन गटांची तुलना केल्यावरच वाचता येतो. अनुभव तिथे शिकवत नव्हता. तो केवळ दुजोरा देत होता.

राहता राहिला तो पुराव्याला परका म्हणणारा आरोप. १५३० च्या सुमारास केरळात ज्येष्ठदेवांनी मल्याळममध्ये 'युक्तिभाषा' लिहिली. माधवाच्या परंपरेतील अनंत श्रेढींच्या सिद्धता पायरीपायरीने समजावणे, हेच त्या ग्रंथाचे काम. १५४५ मध्ये कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी भास्कराचार्यांच्या 'लीलावती'वर 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहिली आणि सूत्रांच्या उपपत्ती दिल्या. उपपत्ती आणि युक्ती हे शब्द केंब्रिजहून आलेले नाहीत. उपपत्तीवाचून गणकाला विद्वानांच्या सभेत मान नाही, हे भास्कराचार्यांचेच मत. सिद्धता मागणे परकेपणाचे असेल, तर ही सारी परंपरा परकी ठरवावी लागेल.

अंतःप्रज्ञा आणि तर्क यांचा संसार कसा चालतो, हे पाहायचे असेल तर १९२१ मधील एका बोटीवर पाहावे. इंग्लंडहून परतताना चंद्रशेखर वेंकट रामन यांना भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग खटकला. समुद्राचे निळेपण म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, हे लॉर्ड रॅली यांचे मत त्यांच्या मनाला पटेना. ही झाली अंतःप्रज्ञा. रामन तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी खिशातला निकोल प्रिझम डोळ्यांशी धरला, त्यातून परावर्तित प्रकाश वगळला, आणि निळा रंग नाहीसा होण्याऐवजी अधिकच खुललेला पाहिला. बोट मुंबई बंदरात पोहोचली, तेव्हा 'नेचर'ला पाठवायचे पत्र तयार होते. पुढे सात वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९२८ रोजी, त्या वाटेवरूनच रामन परिणाम हाती आला.

ज्यांना रामानुजन आणि रामन यांचे वारस म्हणवून घ्यायचे आहे, त्या विद्यार्थ्यांनी मनात उमटलेल्या अटकळीला भिऊ नये आणि तिच्यापुढे लोटांगणही घालू नये. अटकळ वहीच्या डाव्या पानावर लिहावी. उजवे पान भागाकारासाठी कोरे ठेवावे. २४३ समोरची ती ५ बाकी कधीतरी तिथेच उमटणार असते.